अर्धवट निघालेला अँटिव्हायरस आणि मुका झालेला कीबोर्ड

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका कर सल्लागारांचं ऑफिस आहे. पाच कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि भिंतीभर वर्षावार लावलेल्या फायली. तिथल्या कॉम्प्युटरांचं वार्षिक देखभालीचं काम माझ्याकडे आहे. पाचांतला एक आतल्या टेबलावर असतो, त्याला सगळे ‘मेन’ म्हणतात. सर्व्हर वगैरे काही नाही, साधा विंडोज १० चा डेस्कटॉप. पण टॅलीचा डेटा त्याच्या डी ड्राइव्हवर, बाकीचे चारही तिथूनच डेटा उघडतात, आणि डिजिटल सहीची यूएसबी टोकनंही (पेन ड्राइव्हसारखी दिसणारी, ज्यांत सही साठवलेली असते) त्यालाच लागतात. तो बसला की ऑफिस बसलं.

या मेनवर चार वर्षं एकाच कंपनीचा अँटिव्हायरस होता. मे महिन्यात त्याची मुदत संपली आणि साहेबांनी ओळखीच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा घेतला, कारण तो स्वस्त पडला. जुना काढून नवा टाकायचं काम ऑफिसातल्या मुलाकडे आलं. मुलगा हुशार आहे, बी.कॉम. करतोय, आणि असली कामं त्यानं आधीही केली होती. तारीख होती १७. जीएसटीचं ३बी हे महिन्याचं रिटर्न २० तारखेच्या आत भरायचं असतं, एवढं सांगितलं की त्या आठवड्यात त्या ऑफिसची हवा काय असते ते कळेल.

अडचण

मुलानं कंट्रोल पॅनेलमधून जुना अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करायला घेतला. हिरवी पट्टी निम्म्यावर आली आणि वीज गेली. यूपीएस होता, पण त्याच्या बॅटरीनं कधीच मान टाकलेली होती. तो फक्त शिट्टी मारायच्या कामाचा उरला होता.

वीज आल्यावर कॉम्प्युटर नीट सुरू झाला. घड्याळाजवळचं अँटिव्हायरसचं चिन्ह गेलं होतं, पण यादीत नाव होतं. इथं त्यानं पुन्हा अनइन्स्टॉल दाबलं असतं तर बहुधा काम पुरं झालं असतं आणि मला फोनही आला नसता. त्यानं तसं केलं नाही. एक व्हिडिओ बघितला आणि प्रोग्रॅम फाइल्समधला त्या अँटिव्हायरसचा फोल्डर डिलीट करायला घेतला. काही फायली गेल्या, काहींना ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं. गेलेल्या फायलींत अनइन्स्टॉल करणारी फाइलही होती.

मग तो पुन्हा यादीकडे आला. आता विंडोजनं विचारलं की हा प्रोग्रॅम आधीच काढलेला दिसतोय, यादीतून त्याचं नाव काढून टाकू का? त्यानं ‘हो’ दाबलं. नाव गेलं. प्रश्न मिटला असं त्याला वाटलं, आणि कुणालाही तसंच वाटलं असतं.

हा ‘हो’ काय करतो हे सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथून वळलं. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आपली सगळी सेटिंग जिथं लिहून ठेवतं ती वही. कंट्रोल पॅनेलमधली यादी म्हणजे रजिस्ट्रीतल्या ‘अनइन्स्टॉल’ नावाच्या कप्प्यातल्या नोंदी. प्रत्येक नोंदीत प्रोग्रॅमचं नाव आणि तो काढायला कुठली फाइल चालवायची तो पत्ता असतो. ‘हो’ म्हटलं की विंडोज फक्त ती नोंद पुसतं. ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात बसून काम करणारी फाइल), सर्व्हिस (पडद्याआड सतत चालणारा प्रोग्रॅम), नेटवर्कमध्ये घातलेली गाळणी, यांतल्या कशालाही हात लागत नाही. घर रिकामं न करता दारावरची पाटी तेवढी उतरवावी, तसा प्रकार.

नवा अँटिव्हायरस टाकायला गेल्यावर त्यानं आडवा पाय घातला: आधीचा काढा, मग मी बसतो. आधीचा तर यादीतच नाही. आणि विंडोजच्या सुरक्षेच्या पानावर अजून जुन्याचंच नाव. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला दिसला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो, त्याप्रमाणे तोही झोपलेला. मेनला राखणदार कुणीच नव्हतं, आणि त्यावरून रोज पंचवीस-तीस व्यापाऱ्यांच्या ईमेलमधल्या फायली उघडल्या जात होत्या.

१८ तारखेला दुपारी साडेतीनला मी पोचलो.

काय काय उरलं होतं

पहिलं काम मी बरं केलं, ते म्हणजे नुसतं बघणं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएलटीएमसी ही कमांड दिली. फायली उघडताना-लिहिताना मध्ये उभे राहणारे जे ड्रायव्हर असतात त्यांची यादी ती दाखवते, आणि प्रत्येकापुढं एक क्रमांक असतो. अँटिव्हायरससाठी ३,२०,००० ते ३,२९,९९९ ही पट्टी राखलेली आहे, त्यामुळे नाव अनोळखी असलं तरी क्रमांकावरून तो कुठल्या जातीचा ते ओळखता येतं. त्या पट्टीत जुन्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर ठाण मांडून बसला होता. मुलाला ‘परवानगी नाही’ म्हणणारा हाच. आपल्या फायलींवर हात टाकू न देणं हे त्याचं कामच आहे, आणि बाकीचं सैन्य गेलं तरी तो इमानानं पहारा देत होता.

सर्व्हिसेसच्या यादीत दोन नावं होती, दोन्हींच्या मागची फाइल गायब. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याच कंपनीच्या नावाची एक ओळ होती. सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात त्याच कंपनीच्या सहीच्या चार फायली होत्या.

चार फायली, दोन सर्व्हिसेस, एक नेटवर्कची ओळ. मी मनात हिशेब केला: वीस मिनिटं.

समोरचे पर्याय

साहेबांचं म्हणणं होतं, “फॉरमॅट मारून टाक, कटकट नको.” आमच्या धंद्यात हे उत्तर सगळ्यात जास्त विकलं जातं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. इथं नव्हतं. डेटा डी ड्राइव्हवर सुरक्षित होता हे खरं, पण टॅलीचं लायसन्स पुन्हा बसवणं, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टोकनांचे ड्रायव्हर, सही करणारं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं शेअरिंग आणि ऑफिसातल्या ताईंची मॅक्रो घातलेली एक्सेल, हे सगळं जागच्या जागी यायला दीड दिवस. आणि हातात दीडच दिवस.

सिस्टिम रिस्टोअरनं मागच्या तारखेला जाणं सोपं होतं, पण ते बंद होतं. पुष्कळ विंडोज १० मशीनवर ते मुळातच बंद असतं आणि कुणी चालू करत नाही. मीही केलं नव्हतं, आणि हे मशीन माझ्याच देखभालीतलं होतं.

तिसरा रस्ता कंपनीच्या स्वतःच्या सफाईच्या टूलचा. जवळजवळ सगळ्या अँटिव्हायरस कंपन्या असं वेगळं टूल देतात. ते उतरवून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करून, चालवायचं. चौथा रस्ता ऐकायला उलटा वाटतो: त्याच आवृत्तीचा तोच अँटिव्हायरस वरून पुन्हा टाकायचा, म्हणजे मोडलेलं सगळं जागच्या जागी येतं, आणि मग तो रीतसर काढायचा. मुदत संपलेली असली तरी टाकायला आणि काढायला अडचण येत नाही.

पाचवा, हातानं काढणं.

मी पाचवा निवडला. टूल उतरवायला तिथलं इंटरनेट हळू होतं, जुन्या आवृत्तीचा सेटअप कुठं असेल ते शोधावं लागलं असतं, आणि उरलेलं सगळं तर माझ्या डोळ्यांपुढं दिसत होतं. ही त्या वेळची कारणं. आता विचार केला तर खरं कारण एवढंच की मुलगा शेजारी उभा राहून बघत होता आणि मला ते हातानं काढून दाखवायचं होतं.

फसलेला प्रयत्न

नेटवर्कची ओळ मी आधी घेतली आणि ती नीट घेतली. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ती निवडून तिथल्याच अनइन्स्टॉल बटणानं काढली. विंडोजनं तिची जोडणी आपणहून सोडवली, नेटवर्क क्षणभर गेलं आणि आलं. मग सेफ मोडमध्ये गेलो. तिथं तो पहारेकरी जागा नव्हता. दोन सर्व्हिसेस एससी डिलीट या कमांडनं उडवल्या, ड्रायव्हर्समधल्या चारही फायली डिलीट केल्या, प्रोग्रॅम फाइल्समधला उरलेला फोल्डर टाकला. विरोध कुठंच नाही. रीस्टार्ट केलं.

लॉगिनचा पडदा आला. पासवर्ड टाकायला गेलो तर एक अक्षर उमटेना.

कीबोर्ड काढून लावला. दुसऱ्या पोर्टला लावला. बाहेरच्या टेबलावरचा आणून लावला. काही नाही. माउस मात्र मजेत फिरत होता. रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात, गेलो तर तिथं तोच कीबोर्ड व्यवस्थित चालतोय. म्हणजे कीबोर्ड ठीक, पोर्ट ठीक, विंडोजमध्ये आल्यावर मुका.

एवढ्यात साहेब आत डोकावले आणि काही न बोलता परत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

लॉगिनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात सुलभतेचं चिन्ह असतं, त्यात पडद्यावरचा कीबोर्ड मिळतो. माउसनं एकेक अक्षर टिपून आत शिरलो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डपुढं पिवळा त्रिकोण आणि कोड ३९: ड्रायव्हर लोड होत नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या चार फायलींतली एक कीबोर्डची होती. बँकेचा पासवर्ड टाइप करताना कुणी चोरून वाचू नये म्हणून काही अँटिव्हायरस कीबोर्ड आणि विंडोज यांच्या मध्ये आपला ड्रायव्हर बसवतात. तशी नोंद रजिस्ट्रीत कीबोर्डच्या वर्गाखाली असते. मी फाइल काढली, नोंद तशीच ठेवली. विंडोज कीबोर्ड सुरू करताना नोंद वाचतं, त्या नावाचा ड्रायव्हर शोधतं, तो सापडत नाही, आणि मग कीबोर्डच सुरू करत नाही. नोंद एका कीबोर्डाची नसून सगळ्या वर्गाची असते, म्हणून बाहेरचा आणून लावला तरी तोही मुकाच.

नेटवर्कची गाळणीही त्याच जातीची होती. तिची जोडणी आधी सुटली, मग फाइल गेली, म्हणून तिथं काही बिघडलं नाही. कीबोर्डच्या बाबतीत हाक मारणारा जागेवर राहिला आणि ओ देणारा गेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं, अर्ध्या तासाच्या अंतरानं केल्या होत्या.

कीबोर्ड परत आणणं

रजिस्ट्रीत सिस्टिमच्या शाखेत ‘क्लास’ नावाचा कप्पा आहे. त्यात कीबोर्डचा वर्ग ४डी३६ई९६बी या अक्षरांनी सुरू होतो. आत ‘अप्परफिल्टर्स’ नावाची नोंद. त्यात दोन ओळी होत्या: एक जुन्या अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरची, दुसरी केबीडीक्लास.

इथं जरा थांबायला हवं. सीडी ड्राइव्ह दिसत नसेल तर अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी सरळ डिलीट करा, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. सीडीला तो बहुतेक वेळा चालतो. कीबोर्डला तोच लावला तर कपाळमोक्ष, कारण केबीडीक्लास हा विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड ड्रायव्हर आहे. तो तिथून गेला की कीबोर्ड मेलेलाच राहतो. अख्खी नोंद न उडवता त्यातली परकी ओळ तेवढी काढायची. मी आधी तो कप्पा एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवला (ही अक्कल तासाभरापूर्वी हवी होती), परकी ओळ पुसली, माउसचा वर्गही उघडून बघितला, तो स्वच्छ होता. रीस्टार्ट. कीबोर्ड बोलायला लागला.

माउसलाही तसाच ड्रायव्हर चिकटलेला असता तर? मग रिकव्हरीच्या पडद्यातून जावं लागलं असतं. तिथलं विंडोज वेगळं चालतं, त्यात कीबोर्ड चालतो, आणि तिथून या विंडोजची सिस्टिम रजिस्ट्री बाहेरून लोड करून दुरुस्त करता येते. करता येतं, पण साडेपाच वाजता, दाराशी साहेब उभे असताना, नको वाटतं. रजिस्ट्रीच्या जुन्या प्रतीवर भिस्त ठेवावी तर तेही नाही: रेगबॅक नावाच्या फोल्डरात विंडोज पूर्वी आपणहून प्रत ठेवायचं, पण विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ते बंद आहे. फोल्डर उघडला की शून्य आकाराच्या फायली दिसतात.

पुढं जायचं की थांबायचं

कीबोर्ड आला, पण नवा अँटिव्हायरस अजून म्हणतच होता की जुना आहे. सुरक्षेच्या पानावर जुन्याचं नाव तसंच. म्हणजे आणखी कुठंतरी नोंदी होत्या, आणि त्या मला दिसत नव्हत्या. हातानं आणखी खणलं असतं तर पुढच्या रीस्टार्टला काय मुकं होईल याचा भरवसा नव्हता.

इथं ऑफिसातल्या ताईंनी जे सांगितलं त्यानं संध्याकाळ वाचली. मी म्हटलं, “ताई, हा कॉम्प्युटर उद्या दुपारपर्यंत मिळाला नाही तर?” त्या म्हणाल्या, “अहो, निम्म्याहून जास्त पार्ट्या प्रोप्रायटर आहेत. त्यांचं ओटीपीवर भरता येतं, कुठूनही. टोकन लागतं ते कंपन्या आणि एलएलपींना, ते सहा जण आहेत. टॅलीचा डेटा तेवढा माझ्या कॉम्प्युटरवर टाकून द्या.” डेटाचा फोल्डर त्यांच्या कॉम्प्युटरवर घेतला, वीस मिनिटं लागली. ज्या २० तारखेच्या धास्तीनं मी घाई करत होतो ती धास्ती निम्मी माझ्याच मनातली होती. हा प्रश्न मी साडेतीनला विचारायला हवा होता, विचारला सहाला.

मग मी आमच्या धंद्यातल्या एका जुन्या माणसाला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “आता खिडकीतनं ढकलू नको. परत आत घे आणि दारातनं बाहेर काढ.”

रीतसर काढणं

जुन्या आवृत्तीचा सेटअप सापडला तो याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर, ‘सेटअप’ नावाच्या फोल्डरात. चार वर्षांपूर्वी मीच ठेवला होता. यावर मी काही बोलत नाही.

सी ड्राइव्हचं सिस्टिम प्रोटेक्शन (सिस्टिम रिस्टोअर त्यावरच चालतं) चालू करून एक रिस्टोअर पॉइंट घेतला. बाहेरच्या टेबलावरचा धड यूपीएस आत आणला. सेटअप चालवला, आधीचे अवशेष बघून त्यानं दुरुस्ती करू का विचारलं, हो म्हटलं. पुन्हा चारही ड्रायव्हर आले, सर्व्हिसेस आल्या, नेटवर्कची ओळ आली, आणि कीबोर्डच्या नोंदीत ती परकी ओळही परत येऊन बसली. यादीत नाव आलं. मग यादीतून अनइन्स्टॉल.

यानंतर रीस्टार्ट केलं, आणि रीस्टार्टच केलं. मुलाला हे वेगळं सांगावं लागलं, कारण तो शटडाउन करून पुन्हा चालू करायचा आणि दोन्ही एकच समजायचा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा गोठवून डिस्कवर ठेवला जातो आणि तोच परत उठवला जातो. पुढच्या बूटला काढायच्या म्हणून राखून ठेवलेल्या फायली त्यात तशाच राहतात. रीस्टार्टमध्ये गाभा नव्यानं सुरू होतो.

तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कंपनीचं सफाईचं टूल उतरलं होतं. ते सेफ मोडमध्ये चालवलं, त्याला थोडंफार सापडलं, ते त्यानं काढलं. पुन्हा रीस्टार्ट.

मग तपासणी, त्याच क्रमानं. एफएलटीएमसीच्या यादीत त्या पट्टीत फक्त डिफेंडरचा ड्रायव्हर, क्रमांक ३,२८,०१०. कीबोर्डच्या नोंदीत एकटा केबीडीक्लास. नेटवर्क स्वच्छ. सुरक्षेच्या पानावर डिफेंडर जागा झालेला, हिरवी खूण. घड्याळात पावणेनऊ.

निष्पत्ती

नवा अँटिव्हायरस त्या रात्री मी टाकला नाही. डिफेंडर चालू होता, तो दोन दिवसांना पुरेसा होता. आणि चालू झालेल्या मशीनला २० तारखेच्या आत पुन्हा हात लावायची माझी इच्छा नव्हती. सहा कंपन्यांची रिटर्न १९ ला टोकन लावून मेनवरून गेली, बाकीची ताईंच्या कॉम्प्युटरवरून. २२ ला जाऊन नवा टाकला, दहा मिनिटांत बसला.

प्रोग्रॅमडेटामध्ये जुन्याचा एक रिकामा फोल्डर आणि रजिस्ट्रीत सॉफ्टवेअरच्या शाखेत त्याच्या नावाचे दोन-तीन कप्पे अजून आहेत. मी मुद्दाम ठेवले. त्यांना कुणी हाक मारत नाही, त्यांच्यामुळे काही अडत नाही. असला पाचोळा झाडायला रजिस्ट्री क्लीनर चालवणारे पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टचंसुद्धा इन्स्टॉलरच्या नोंदी साफ करणारं एक टूल होतं, ते दुसऱ्या प्रोग्रॅमांना इजा करतं म्हणून त्यांनी २०१० मध्ये मागं घेतलं.

मुलाचा दोष किती, माझा किती, हे साहेबांनी विचारलं नाही. मी ताळा मांडला तो असा: मुलाच्या ‘हो’मुळे नवा अँटिव्हायरस अडला होता. कीबोर्ड मी घालवला.

पुन्हा वेळ आली तर

आधी काम दुसरीकडे हलवीन, मग मशीनला हात लावीन. कुठलं रिटर्न ओटीपीवर जातं आणि कुठल्याला टोकन लागतं, हे मला माहीत असायचं कारण नाही, पण विचारायला हवं होतं.

कंपनीचा सेटअप किंवा टूल मिळत असेल तोवर हातानं काढणार नाही. मिळतच नसेल आणि हातानंच करायची वेळ आली, तर फाइल सगळ्यात शेवटी. प्रत्येक ड्रायव्हरचं नाव घेऊन रजिस्ट्रीत शोध घेईन, ते कुठं कुठं लिहिलंय ते कागदावर उतरवीन, तो कप्पा एक्सपोर्ट करीन, तिथल्या ओळी काढीन, रीस्टार्ट करून बघीन, मग फाइल. डिलीटही नाही, आधी नुसतं नाव बदलून ठेवीन. त्या दिवशी चार फायलींची नावं रजिस्ट्रीत शोधायला दहा मिनिटं लागली असती.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून ठाम नाही. कीबोर्ड परत आल्यावर पुढं न जाता २० तारखेपर्यंत मशीन तसंच ठेवायला हवं होतं का? डिफेंडर झोपलेला होता म्हणून मी पुढं गेलो. पण इंटरनेटची वायर काढून ते फक्त टोकनापुरतं अर्धा तास जोडलं असतं तरी निभावलं असतं. फोनवरच्या त्या जुन्या माणसाचं मत तेच आहे.

देखभालीतल्या सगळ्या ऑफिसांतून मी त्या महिन्यात सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून आलो. या ऑफिसात यूपीएसची बॅटरीही बदलली. तिचं बिल साहेबांनी दोनदा वाचलं आणि दिलं.